पुसायचं होतं मला

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. म्हणजे बोलायचा प्रयत्न करतेय, कारण गेल्या आठवड्यापासून कुठलाच कॉम्प्युटर मला ओळख दाखवत नाही. वायर जोडली की मी दोन गिरक्या घेते, टक् टक् करते आणि गप्प होते.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे माणसांचे फक्त डोळे दिसायचे. धुळीचा एक कण पोटात गेला तरी मी कामातून जाणार, म्हणून एवढं सोवळं. पुढे एका दुकानातून मी बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये आले आणि तिथेच आयुष्य काढलं.

बाई अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. तयार धडे शाळेत जायचे. चुकलेलं, तुटलेलं मात्र माझ्याकडेच राहायचं, कारण बाईंना काही टाकवत नसे. मध्येच खोकणं, "थांबा, पुन्हा घेते" म्हणणं, खिडकीतून लेकीला हाका मारणं, नवऱ्यावर डाफरणं, स्वतःच्याच चुकीवर खो खो हसणं. खरं सांगायचं तर मला धड्यांपेक्षा हेच जास्त आवडायचं. नद्यांची लांबी कोण ऐकत बसतं?

मग बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या नुसत्या कुजबुजतात, तेही समोरचा अगदी जवळ असेल तरच ऐकू येतं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडची एकही फाईल उघडली नाही. मला वाईट वाटायचं, पण जखमेवरची खपली आपल्या हाताने कोण काढेल?

मीही म्हातारी झाले, कुरकुरायला लागले. तेव्हा बाईंच्या धाकट्या दिराने कारभार हाती घेतला. गडी मनाचा चांगला, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा. त्याने माझ्याच कंपनीची, माझ्याच मापाची नवी डिस्क आणली आणि माझ्याकडचं सगळं तिच्यात उतरवलं. आता मला पुसून ओळखीतल्या एका कुटुंबाला द्यायचं ठरलं. नुसतं डिलीट करून भागत नाही, कोणीही परत काढतं, असं तो घरभर सगळ्यांना ऐकवत होता. ते मात्र खरं होतं. डिलीट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. आतली पानं तशीच राहतात. त्याला पानन् पान शून्यांनी भरून टाकायचं होतं.

रविवारी दुपारी त्याने मला कॉम्प्युटरमधून काढलं आणि मला आणि त्या नव्या धाकटीला, दोघींना बाहेरून वायरने जोडलं. माझ्या वाट्याला जुनी वायर आली. मला उठायला पुरेशी वीजच मिळेना. मी धडपडले आणि थांबले. पडद्यावर एकटी धाकटी दिसत होती, आणि कॉम्प्युटर प्रत्येक डिस्कला ओळखीसाठी जे अक्षर देतो, त्यातलं एरवी माझं असणारं त्याने तिला देऊन टाकलं होतं. अक्षर तेच, माप तेच. आली म्हातारी, असं म्हणत दिराने बटण दाबलं.

मी तिथेच होते, वीतभर अंतरावर. ओरडायला मला तोंड नाही. धाकटी बिचारी सांगितलं ते निमूटपणे करत राहिली. दीर मधून मधून येऊन किती झालं ते बघायचा आणि खुशीत चहा प्यायला जायचा.

काम संपल्यावर मला उचलायला त्याने हात घातला. मी गार होते. इतका वेळ राबलेली डिस्क गार कशी असेल? त्याने धाकटीला हात लावून पाहिलं. ती चांगलीच तापली होती. त्याने बाईंना हाक मारली.

नुसतं डिलीट केलं असतं तर परत काढता आलं असतं. पण त्याने काम चोख केलं होतं, आणि तेच नडलं.

"वहिनी, मी नवीच पुसली," तो कसाबसा म्हणाला.

बाईंनी आधी धाकटीला, मग मला हात लावून पाहिलं. मग त्याच्या कानाशी वाकल्या. "जुनी अजून आहे ना?"

तेव्हापासून माझी फरफट सुरू झाली. वायर बदलली, जोडायची जागा बदलली, शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर आणला. एकदा पडद्यावर माझं नाव उमटलं आणि घर आनंदलं, पण त्यापुढे माझं माप शून्य दिसत होतं. पुन्हा जोड, पुन्हा काढ. त्या खटाटोपात माझी होती नव्हती ती ताकद गेली.

आज मी दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर पडले आहे. दुकानदाराने कान लावून माझी टकटक ऐकली आणि दिराला सरळ सांगितलं, की हिला सारखं चालू-बंद करू नका. आता उठली तर एकदाच उठेल, आणि सगळं निघेलच असं नाही. आधी काय काढू?

दीर म्हणाला, धडे काढा, वहिनींची सगळी मेहनत त्यात आहे.

बाईंनी नको म्हणून मान हलवली आणि दिराला जवळ ओढलं. "धडे शाळेत आहेत. चुकलेलं काढायला सांग. त्यात मी घरात बोलते तशी बोलतेय."

दिराला तो निरोप दुकानदारापर्यंत पोहोचवता येईना. भर दुकानात तो लहान मुलासारखा रडला.

माणसांनो, आम्हाला खुशाल पुसा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जी पडद्यावर दिसत नाही, तिला आधी शोधा. ती सापडेपर्यंत कुठल्याच बटणाला हात लावू नका.

दुकानदाराने चांगली वायर जोडली आहे. बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आहेत, इतक्या जवळ, की त्यांचा श्वास माझ्यावर येतोय. त्यांचा सगळा आवाज माझ्या पोटात आहे, आणि त्या माझ्याशी कुजबुजतायत.

"बोल गं. एकदाच बोल."