कापलेली गाठ

टोमॅटोची नवी रोपं खोडाला पांढरा दोरा घेऊनच उगवली. तो कुणी बांधला नव्हता.

हेमलतानं एक दोरा बोटानं चाचपून पाहिला. संशोधन केंद्राच्या शेडनेटमध्ये दोरे बांधायचं कामच तिचं. तहान सोसलेलं झाड स्वतःतलं काय काय मिटून घेतं आणि ती खूण बियांत उतरते का, हे इनामदार सरांना बघायचं होतं. रोपाला दोरा बांधायचा, आठवडाभर पाणी तोडायचं, मग दोरा सोडून पाणी द्यायचं. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाठ सोडायची. कापायची नाही." पण सातशे गाठी नखांनी सोडत कोण बसतं हो? तेव्हा तिला तिसरा महिना होता, मळमळ पाठ सोडत नव्हती. तिनं सरळ कात्री चालवली. दोरे खाली पडले, गाठी खोडांतच राहिल्या. त्याच झाडांच्या बियांची ही रोपं, आणि तिला आता सातवा.

सरांनी वाकून पाहिलं. "कुणी कापल्या?"

"मला काय माहीत," हेमलता म्हणाली. धादांत खोटं. सगळ्या रोपांनी पानं तिच्याकडे वळवली.

त्या दुपारी पाणी घालताना तिच्या करंगळीला पांढरा दोरा बसला. घरी चहात तीन चमचे साखर टाकली, तरी गोड लागेना. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोटाला दोरा, आणि तिचं हसू बंद झालं. नवरा बिचारा तासभर नकला करत बसला. तिसऱ्या दिवशी मधलं बोट. त्यानंतर गाठ कशी सोडतात तेच तिला आठवेना. डब्याच्या पिशवीची गाठसुद्धा नवऱ्यानं सोडून दिली.

सरांनी तिची बोटं उलटीपालटी करून बघितली. "तुमच्यातलं काही गेलेलं नाही, बाई. सगळं जागच्या जागी आहे. मिटलंय फक्त."

"मग हे सोडा ना."

"ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं असतं."

ती रोपांसमोर हात जोडून उभी राहिली. फार घाबरली होती ती. "मीच कापल्या. चुकलं माझं. मला काय करायचं ते करा, बाळाला हात लावू नका." पानं पुन्हा हलली. या वेळी ती सगळी तिच्या पोटाकडे वळली.

नववा भरला आणि मुलगी झाली. मुलीनं रडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. गळ्याशी पांढरा दोरा होता.

"हा कुणी बांधला?" सिस्टरनं विचारलं.

"कापू नका. सोडा."

"अहो ताई, सुटत नाहीये. तुम्ही बघा."

मुलीला छातीवर ठेवलं. हेमलतानं दहाही बोटं गाठीवर नेली. बोटं तिथे नुसती पडून राहिली. कापली तर गाठ आतच राहणार, आणि ही मुलगी ती पुढे आपल्या लेकरांना देणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुलीचे ओठ निळे पडत चालले होते.

हेमलतानं हात पुढे केला.

"कात्री द्या."

सिस्टरनं ती आधीच उघडून धरली होती.