फोटोच्या तळाशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर चारी बाजू दाखवणारा एक गोल फोटो सावकाश फिरत होता आणि त्यात माझी आई दोनदा होती: खुर्चीत डोळे मिटून बसलेली, आणि पलीकडे खिडकीशी उभी. तीच निळी शाल, तोच चष्मा.

“एक स्थूलदेह, एक तेजोदेह,” महाराज म्हणाले. “माईंचं दुखणं तेजोदेहाने उचललं. आता औषध घेणं म्हणजे पोट भरल्यावर पुन्हा ताटावर बसणं.”

“नशीबवान गं तुझी आई,” शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या.

नशीबवान आईने त्या संध्याकाळपासून हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. मी रडले, भांडले. तिचं एकच: “तूही पाहिलंस ना डोळ्यांनी? मग?”

महाराजांच्या माणसाने तो फोटो तिच्या मोबाइलवर पाठवला होता. लेकीला पाजताना मी तो पुन्हापुन्हा फिरवायची. एकदा दूध सोडून लेकीनेच बोट मारलं. फोटो गरकन कलला आणि समोर थेट जमीन आली. पडद्यावर तो आडवाच फिरला होता. खाली कुणी पाहिलंच नव्हतं.

जमिनीवर विणलेली गोल चटई होती. पिवळी कड, एक टाका निसटलेला. लेकीच्या जन्माआधी आईने विणलेली, आमच्याच पाळण्याखालची. फोटो तर सभागृहातच काढलेला, आणि तिथे नुसती फरशी.

माझा धाकटा भाऊ विकायच्या घरांचे असे गोल फोटो काढतो. त्यांत खाली पाहिलं की कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय दिसतात. ते झाकायला तो नेहमी याच चटईचा फोटो चिकटवतो. “आईची सही,” म्हणायचा.

त्याला बोलावलं, आईसमोरच विचारलं.

“ताई, महाराज म्हणाले, लोकांना धीर येतो. वाटलं, आईलाही येईल.”

“आणि तिच्या गोळ्या?”

त्याने खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवली.

“लाव कॅमेरा.”

मी खुर्चीत बसले. कॅमेऱ्याने मला टिपलं आणि तो स्टँडवर पुढे वळला. तेवढ्यात त्याच्या पाठीमागून मी खिडकीशी गेले. वळत वळत तो तिथे पोचला, मला पुन्हा टिपलं. भावाने सगळ्या तुकड्यांच्या कडा जुळवल्या, संत्र्याच्या फोडी परत सालीत बसवाव्यात तशा. फक्त पाहणारा संत्र्याच्या आत उभा. झाला गोल फोटो, त्यात मी दोनदा. लेक मोबाइलवर एकदा या आईला थापटी मारी, एकदा त्या आईला.

आईने तो फोटो दोनदा फिरवून पाहिला.

“मलाही आधी बसवलं. मग म्हणाले, उठा माई, खिडकीतला प्रकाश घ्या. कॅमेरा तर आपोआप फिरत होता. तू कुठे होतास?”

“आतल्या खोलीत. मोबाइलवरून चालवत होतो.”

“म्हणजे मला बघत होतास.”

तिने पाणी मागितलं, गोळी गिळली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “यापुढे स्टँडचे पाय उघडे राहू देत. झाकायला माझं विणकाम घेऊ नकोस.”

म्हणून सांगते, डोळ्यांवर विश्वास जरूर ठेवा, पण दुसऱ्याने फिरवलं तेवढंच पाहून थांबू नका. चमत्कार समोर आला की एकदा खाली बघा, तो कशावर उभा आहे ते. पायांवर आपल्याच घरातलं काही पांघरलेलं असेल, तर तेही उचलून बघा. आणि तोवर गोळी चुकवू नका.