अम्मीचा टाका

"अम्मी, तुमी पुन्हा कोपरा उसवला?"

खैरुन खाटेवर बसून सुपारी कातरत होती. तिने मानही वर केली नाही.

"उसवला."

"काऊन पन?"

"झोपनाराचा टाका नाई त्याच्यावर."

नाहीदने कपाळावर हात मारला. आता या सासूपुढे डोकं फोडावं की काय! दुपारी चंद्रपूरहून गोधडी न्यायला गाडी येणार होती, आणि इथे शिवलेला कोपरा चौथ्यांदा उघडा पडून आतल्या चिंध्या बाहेर डोकावत होत्या. त्या घरात एरवी हिंदी चालायची. पण खैरुनचा जन्म गेला सावली गावात, भांडायचं म्हटलं की तिला मराठीच लागे, आणि सुनेलाही तीच सवय लागली होती.

खैरुनच्या माहेरची एक रीत होती. गोधडी कोणीही शिवावी, पण एक कोपरा उघडा ठेवायचा, आणि जो ती पांघरणार त्याच्याच हाताने शेवटचा टाका घालायचा. तान्हं पोर असलं तर त्याच्या मुठीत सुई धरून. नाहीद लग्न होऊन आली तेव्हा तिच्याही हातात अशीच सुई दिली होती, मेंदी सुकायच्या आत.

"हे पांघराची नाई ना अम्मी! भिंतीवर टांगाची आहे. कितीदा सांगू तुमाले?"

"भिंतीले थंडी वाजते का?"

नाहीद सुई-दोरा घेऊन तणतणत बसली आणि कोपरा पुन्हा शिवायला घेतला.

दिवसभर लोकांचे ब्लाऊज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवायचे, आणि उरलेल्या वेळात ही गोधडी. दोन वर्षं लागली होती. वरून पाहिल्यावर दिसतात तशा धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं, आणि त्यांच्यामधून मार्कंड्याकडे वळत गेलेली वैनगंगा. बांध्यांचं हिरवं होतं सोमारीबाईच्या जुन्या लुगड्याचं. सोमारी जंगलातल्या गावाहून मोहफुलं विकायला यायची, तिने हसत हसत देऊन टाकलं. नदीचं निळं मात्र नाहीदने बाजारातली रंगाची पुडी आणून स्वतः रंगवलं होतं. तसं निळं तिला कुठल्याच कपड्यात सापडत नव्हतं.

आणि कौतुक काय, तर शेजारणी विचारायच्या, "सिंगल आहे का डबल?" नवरा अकरम म्हणायचा, "एवढ्या वेळात घरच्या साऱ्याईच्या झाल्या असत्या." चिडून चिडून नाहीदचा घसा बसायची वेळ आली होती. एकट्या संघपालला काय ते कळलं. तो चंद्रपूरला प्रदर्शनं भरवायचा. त्याने फोनवर फोटो पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे चित्र आहे." त्या एका वाक्यावर नाहीद कितीतरी महिने जगली होती.

गाडी आली. संघपाल आत येऊन बघतो तर खैरुन गोधडीवर मांडी घालून बसलेली, हातात कातर, आणि कोपरा पुन्हा उघडा.

"ताई, आजीले जरा बाजूले…"

"तुमीच सांगा भाऊ! माहं ऐकून राह्यल्या का त्या?" मग मात्र नाहीदचा तोल सुटला. "अम्मी, तुमाले पायजे तरी काय? सांगा ना एकदाचं! मी जलमभर लोकाईचे ब्लाऊजच शिवत मरू का? एक गोष्ट केली मी सोताची, एक! तेबी तुमाले पाहवत नाई?"

खैरुनने कातर मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुह्या सासऱ्याची गोधडी मी शिवली, टाका त्यानं घातला. अकरमची मी शिवली. तुही मी शिवली. साऱ्याईच्या हातात सुई मी देली. या घरात माह्या हातात कोनं देली?"

नाहीदला आठवलं, ही बाई इतकी वर्षं मेलेल्या नवऱ्याचीच जुनी गोधडी पांघरते. कधी कोणाला खटकलंही नाही. लाजेने तिचा चेहरा गरम झाला, आणि रागही आला. आधी बोलायला काय झालं होतं!

तिने सुई ओवून सासूच्या हातात दिली. खैरुनला धड दिसत नव्हतं. तिने चाचपत एक टाका घातला, भला मोठा आणि वाकडा, आणि दातांनी दोरा तोडला.

संघपाल चुळबुळला. "ताई, फिनिशिंगमंधी हे…"

"राहू द्या."

"आता घेऊन जा," खैरुन उठत म्हणाली. "टांगा कुठी टांगाची तं. पन माही आहे. थंडी वाजली का मंगवीन."

चंद्रपूरला लोकांनी गोधडीसमोर उभं राहून फोटो काढले. डिसेंबरात संघपाल ती परत घेऊन आला तेव्हा त्याचा आनंद मावत नव्हता. जानेवारीत नागपूरच्या मोठ्या प्रदर्शनात जायची होती, तिथे राज्यभरातून माणसं येणार होती. "तोवर प्लास्टिकमंधी ठेवा ताई. पानी नाई लागलं पायजे. तो निळा रंग कच्चा आहे." नाहीदने ती पेटीत ठेवून वर कुलूप घातलं.

त्याच आठवड्यात खैरुनने अंथरूण धरलं. छातीत कफ, अंगात ताप. दोन ब्लँकेटं आणि नवऱ्याची ती जुनी गोधडी घालूनही दात वाजत होते.

"माही आन," ती म्हणाली.

नाहीदने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चहा दिला. हातपाय चोळले. शेगडी जवळ सरकवली.

"नाहीद. माही आन ना."

"अम्मी, नागपूरले जाऊ द्या, मंग जलमभर घ्या! थोडे दिवस!"

खैरुनने पुन्हा मागितली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. या बाईने आयुष्यभर हट्ट केला, भांडण केलं, आणि आता नेमकी वेळेला गप्प बसली. हे काय वागणं झालं! नाहीद धुसफुसत उठली. "घ्या! घ्या एकदाची! भिंतीलेच द्याची नव्हती तुमाले!" असं बडबडत कुलूप काढलं, प्लास्टिक फाडलं आणि गोधडी सासूच्या अंगावर घातली. कडा खाली खोचल्या. खैरुनने चाचपत कोपरा शोधला, वाकडा टाका बोटांना लागला तेव्हा डोळे मिटले.

त्यानंतर गोधडीवर औषध सांडलं, पेज सांडली. शेवटी शेवटी अंथरुणातच सगळं होऊ लागलं. नववर्ष लागायच्या आधी खैरुन गेली.

दफन करून माणसं परतली. दुसऱ्या दिवशी नाहीदने गोधडी पाण्याच्या हौदावर नेऊन धुतली. धुवावीच लागणार होती. पहिल्याच पाण्यात नदीचा निळा रंग सुटला आणि हिरव्या बांध्यांत शिरला. नाहीद बघत राहिली. मग तिथेच ओल्या दगडावर बसून मोठ्याने रडली. सासूसाठी रडत होती आणि नागपूरसाठीही, ती स्वतःशी खोटं बोलली नाही.

संध्याकाळी संघपालचा फोन आला.

"ताई, सोमवारी गाडी पाठवतो. ठीक आहे ना गोधडी?"

"धुतली मी."

"काय?" पलीकडून तो ओरडलाच. "धुतली? अहो ताई, कितीदा सांगितलं तुमाले! धुवाले काय झालं होतं?"

"वापरली होती."

"वापरली! कोन झोपलं होतं तिच्यावर?"

नाहीदने अंगणात पाहिलं. कुंपणावर टाकलेली गोधडी अजून ठिबकत होती. रंग सगळीकडे पसरला होता, पण कोपऱ्यातला तो टाका तसाच घट्ट होता.

"जिची होती ते," ती म्हणाली.