टॉवर चौकातला केदार

छासष्टाव्या वर्षी दत्तात्रय मुळ्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तेव्हा ऋषिनगरातल्या लोकांना चघळायला आयता विषय मिळाला. ज्याने त्याने फाटकापाशी थांबून विचारून घेतलं, "मुळेजी, अब इस उमर में?" दत्तात्रयराव सगळ्यांना एकच उत्तर देत, की गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते. उत्तर खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि खरं कारण लपवायचा त्यांना वर्षभरात चांगलाच सराव झाला होता.

गाडी होती अलकाताईंची. कागदावर नाव दत्तात्रयरावांचं, पण स्टिअरिंग बावीस वर्षं बायकोच्या हातात. दोघांनी शिकायला एकदमच सुरुवात केली होती. चौथ्या दिवशी दत्तात्रयरावांनी गाडी उसाच्या रसाच्या ठेल्यावर घातली, ठेलेवाल्याने भर रस्त्यात त्यांचा उद्धार केला, आणि त्यांनी जे स्टिअरिंग सोडलं ते सोडलंच. घराणं शिंद्यांच्या दफ्तरात कारकुनी करायला इकडे, महाकालाच्या गावी, आलेलं. आमच्या सात पिढ्यांत लेखणीशिवाय कुणी काही हाती धरलेलं नाही, असं ते वर हसून सांगत. अलकाताई मात्र शिकल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायला त्या स्वतः गाडी घेऊन जात आणि वाटेत नवऱ्याला सिंचन विभागाच्या कचेरीत सोडत. डावीकडे बसून दत्तात्रयराव "अगं, सायकलवाला! अगं, गाय!" करत राहत, आणि अलकाताई म्हणत, "दिसली मला. तुम्ही पेपर वाचा."

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी, दुपारी साडेतीनला, अलकाताईंच्या छातीत कळ आली. नेमकी महाकालाची पालखी, म्हणजे सवारी, निघायची वेळ. शहरातले झाडून सगळे ऑटो पुलापलीकडे सवारीच्या गर्दीत, शेजारपाजार दर्शनाला गेलेला, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला तर गाडी सवारीच्या बंद रस्त्यांत अडकली आहे, पाऊण तास लागेल म्हणाले. दत्तात्रयराव रिकाम्या रस्त्यावर वेड्यासारखे कोपऱ्यापर्यंत पळाले आणि परत आले. तोवर अलकाताईंनी पर्स घेतली होती, चपला घातल्या होत्या, आणि त्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. उजवीकडे. "बसा," एवढंच म्हणाल्या. दत्तात्रयराव डावीकडे बसले. दवाखान्याच्या दारापर्यंत गाडी अलकाताईंनीच नेली, आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

गाडी चालवल्यामुळे काही फरक पडला का, हे दत्तात्रयरावांनी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. उत्तराची त्यांना भीती वाटत होती, आणि अजून वाटते.

त्यांची एकुलती एक मुलगी निहारिका हैदराबादला. त्या सोमवारी संध्याकाळी तिने फोनवर विचारलं, "आईला नेलं कसं तुम्ही?" आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "ऑटो मिळाला." तेवढ्यावर थांबले असते तर निभावून गेलं असतं. पण पोरगी रडत होती. तिला धीर द्यावा म्हणून ते बोलत गेले. ऑटोवाला फार भला माणूस, टॉवर चौकात उभा असतो. सवारीचे बंद रस्ते टाळून गल्लीबोळांतून नेलं त्याने, स्वतः आत जाऊन स्ट्रेचर आणलं. नाव? नाव केदार. उभ्या नोकरीत ज्याने फायलीत एक खोटी ओळ लिहिली नाही, त्याने दोन मिनिटांत एक अख्खा माणूस उभा केला. तेराव्याला जमलेले नातेवाईक केदारचे गुण गात होते आणि दत्तात्रयराव मान डोलवत होते.

आता वर्षश्राद्ध आलं. महिनाभर आधीच निहारिकाचा फोन आला. "बाबा, केदारच्या बायकोला सवाष्ण म्हणून बोलवू या. मी साडी पण घेऊन ठेवली आहे. आईला किती बरं वाटेल!"

बाई सवाष्ण गेली, तर तिच्या वर्षश्राद्धाला सवाष्ण जेवू घालायची, ही मुळ्यांकडची रीत. ती काही नवी नव्हती. पण नसलेल्या माणसाची नसलेली बायको पाटावर आणून बसवायची कशी?

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण "मी नुसता शेजारी बसलो होतो" हे वाक्य, ज्याला अजूनही गाडी येत नाही अशा माणसाच्या तोंडून निघेना. आधी शिकावं, तो रस्ता एकदा स्वतः चालवावा, मग मुलीला समोर बसवून खरं सांगावं, असं त्यांनी ठरवलं. यात तर्क काय, ते विचारू नका. माणूस एकटा राहायला लागला की असले तर्क त्याला पटायला लागतात, कारण घरात खोडून काढायला कुणी नसतं.

स्कूलचे मास्तर अंबिकाप्रसाद. पोट सुटलेले, तोंडात लवंग, आणि आवाज कधीही न चढणारा. पहिल्या सकाळी दत्तात्रयराव सवयीने डावीकडचं दार उघडून बसले.

"बाबूजी, वो मेरी सीट है," अंबिकाप्रसाद म्हणाले.

उतरताना दत्तात्रयरावांचं लक्ष खाली गेलं. डावीकडेही पायाशी क्लच आणि ब्रेक होता. शिकवणाऱ्याने वेळेला दाबावा म्हणून केलेली सोय. ते त्या पेडलांकडे इतका वेळ बघत राहिले, की मागच्या सीटवरची पल्लवी म्हणाली, "अंकल, जल्दी ना, मेरा कॉलेज है." पल्लवीचा नंबर त्यांच्यानंतरचा. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसायचं, अशी तिथली पद्धत.

दत्तात्रयरावांचा अर्धा तास संपला की खरं तर त्यांना घरी सोडता आलं असतं. पण ते मागे बसून राहत. पल्लवी आणि मास्तर सिनेमाबद्दल भांडत, मास्तर तिला "बेटा, ये सड़क है, तुम्हारा स्टेज नहीं" म्हणत, आणि मागे बसून दत्तात्रयराव हसत. दिवसातलं त्यांचं हसणं तेवढंच. पुढचे तेवीस तास घरात त्यांच्याशी बोलायला कुकर होता आणि टीव्ही होता. दुपारी ते आरामखुर्चीत बसून डाव्या हाताने हवेत गिअर टाकायचे आणि पायाने फरशी दाबायचे. कुणी बघितलं असतं तर खुळा म्हणालं असतं, पण बघणार कोण?

पहिल्या आठवड्यात त्यांनी शंभरदा गाडी बंद पाडली. दुसऱ्या आठवड्यात ती चालायला लागली, तसा त्यांनी रस्ता ठरवून टाकला. ऋषिनगर, टॉवर चौक, फ्रीगंजचा पूल, खाली उतरून दवाखान्याचं दार. रोज तोच.

"बाबूजी, वहाँ कोई भर्ती है क्या?" एक दिवस अंबिकाप्रसादांनी विचारलं.

"नहीं," दत्तात्रयराव म्हणाले. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही.

अठराव्या दिवशी मास्तर दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसले. म्हणजे आता त्यांच्या पेडलांची गरज नव्हती. दत्तात्रयरावांनी दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली आणि घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं. शिकलेल्या माणसाला अकरा मिनिटांचा रस्ता, आणि त्यासाठी बावीस वर्षं अपुरी पडली होती. त्यांना भडभडून आलं. मास्तर काचेबाहेर बघत बसले, आणि पल्लवीने, पोरगी शहाणी, कॉलेजचं नाव काढलं नाही.

एकविसाव्या दिवशी कोर्स संपला. "अजून दहा दिवस घालू का नाव?" हे त्यांनी हिंदीत विचारून पाहिलं. "अब आपको सिखाने को कुछ बचा नहीं, बाबूजी," मास्तर हात जोडून म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दत्तात्रयराव बूट घालून फाटकाशी उभे होते. स्कूलची गाडी समोरच्या रस्त्याने गेली. मागे नवाच कोणी बसला होता.

शनिवारी निहारिका आली. श्राद्ध सोमवारी. रविवारी सकाळी ती गाडीत डावीकडे बसली, मांडीवर साडीची पिशवी. तिच्याकडे पक्कं लायसन्स होतं, यांच्या काचेवर शिकाऊचा लाल एल.

"बाबा, तुम्ही तर एकदम मस्त चालवता हो! आईने बघायला पाहिजे होतं. चला, आधी केदारभैयाकडे जाऊ, इन्व्हाइट करून टाकू."

वाटेत सांगू, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी चालवताना बोलू नये असं मास्तरांनी सांगितलेलं त्यांना नेमकं त्या वेळी आठवलं. टॉवर चौक आला. स्टँडवर सात-आठ ऑटो उभे होते. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मनाशी म्हणाले, केदार नावाचा कोणी नाही असं हे लोक सांगतील, आणि तेवढ्यात आपण सांगून टाकू.

निहारिकाने काच खाली केली. "भैया, यहाँ केदार कौन हैं?"

"ए केदार! देख, मैडम बुला रही हैं!"

पन्नाशीचा एक हडकुळा माणूस चहाचा कागदी कप टाकून पुढे आला. निहारिका खाली उतरून हात जोडून उभी राहिली.

"पिछले सावन में, सवारी वाले दिन, मेरी माँ को आप ही ले गए थे ना? छाती में दर्द था उनको."

केदारने तिच्याकडे बघितलं, मग वाकून गाडीतल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. "ले गया होऊँगा, बिटिया," तो अवघडून म्हणाला. "कितने ही बीमार बैठते हैं. अब ठीक हैं ना माताजी?"

निहारिकाने मान हलवली. "हे राम," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच पडला. ती डोळे पुसत त्याला उद्याच्या जेवणाचं सांगू लागली. भाभींना घेऊन या, आमच्यात अशी रीत असते. तो बिचारा हो-हो करत होता.

आता नुसती मान डोलवायची होती. नाव तेच, स्टँड तोच, बायकोसुद्धा होती. कुणाला कधीच कळलं नसतं. सोमवारी ती बाई पाटावर बसली असती, पोरीचं समाधान झालं असतं, आणि दत्तात्रयराव सुटले असते. मान हलायलाही लागली होती. पण त्या रस्त्यावरचं एकेक वळण त्यांनी आता आपल्या हातांनी घेतलं होतं, आणि छातीत कळ घेऊन ती वळणं घेणं म्हणजे काय, ते त्यांना कळत होतं. ते अलकाचं होतं. ते उचलून या परक्या माणसाला कसं देऊन टाकायचं?

"भाईसाब, माफ करना," ते म्हणाले. "आप नहीं थे. निहू, गाडीत बस."

"मतलब? मग कोण होतं?"

"कोणी नव्हतं. ऑटो मिळालाच नाही. आईनेच गाडी चालवली."

ती बसली. दार लावायला काही क्षण विसरली. केदार दोन पावलं मागे सरकला आणि मग हळूच आपल्या ऑटोकडे निघून गेला.

"आणि तुम्ही काय करत होता?" निहारिकाने विचारलं.

त्यांनी दोन सीटांच्या मधल्या हँडब्रेककडे बोट दाखवलं. "निघताना तिने माझा हात धरून यावर ठेवला. म्हणाली, वाटेत मला काही झालं तर हा ओढायचा. जोरात. बाकी कशाला हात लावू नका. मी पूर्ण रस्ताभर हा धरून बसलो होतो."

"मग?"

"वेळ नाही आली. दारात पोचल्यावर तिनेच ओढला."

चौकातली वाहनं बाजूने जात होती. निहारिका साडीच्या पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "आई घाबरली होती का?"

"नाही. मी घाबरलो होतो. आणि ती मलाच समजावत होती."

"वर्षभर मी रोज देवापुढे त्या ऑटोवाल्यासाठी हात जोडले, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

तिने पिशवी घेतली आणि उतरली. "मी येते पायी. तुम्ही जा." दार तिने आपटलं नाही, नीट लावलं. गर्दीतून ती शहीद पार्कच्या बाजूला चालत गेली, आणि तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

मागे एक बस येऊन हॉर्न मारू लागली. दत्तात्रयरावांनी डावीकडे बघितलं. तिथे बसून गाय, सायकलवाला सांगायला कुणी नव्हतं, आणि ब्रेक दाबायलाही कुणी नव्हतं. त्यांनी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक खाली केला आणि गाडी एकट्याने पुढे घेतली.