दूध पास झालं, मी मेलो

मित्रांनो, माझं वय विचारू नका. रोज मी खाल्ला जातो आणि वाटीत उरलेल्या चमचाभरातून पुन्हा नवा होतो. मी एक जुनं विरजण आहे. आज फार रागात आहे, त्यामुळे सगळं नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

१९५६ साली सरकारी कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या, तेव्हा या घरच्या रत्नप्रभाबाईंच्या सासूबाईंनी मला चिनी मातीच्या बरणीत घालून, मांडीवर धरून रेल्वेनं आणलं. आता हे घर भोपाळच्याच कोटरा सुल्तानाबाद वस्तीत आहे. माझ्या दह्यात चमचा उभा राहायचा. शेजारच्या नेहरू नगरच्या बायका वाटी घेऊन मला मागायला येत. फक्त दिवेलागणीनंतर मला कुणाला द्यायचं नाही, हा घरचा नियम. तो मानाचा काळ होता.

मग गेल्या हिवाळ्यात नवा दूधवाला आला, नारायण. त्याच्या दुधावर जाड साय यायची. रत्नप्रभाबाईंचा कर्ता मुलगा विजय गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं दुधात काचेची नळी बुडवून पाहिली.

"पाण्याचा थेंब नाही. पास!" तो म्हणाला.

आणि त्याच दुधात मी मेलो. सकाळी झाकण काढलं तर दूध तसंच पातळ, वर थोडी तार.

"थंडी आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. मला शालीत गुंडाळलं. पिठाच्या डब्यात ठेवलं. देठासकट हिरवी मिरची टाकली. मी लागलो नाही. मग दोष सुनेवर आला.

"मंजूषा, हाताला गुण असावा लागतो गं. माहेरी नुसतं पनीरच खात होतात वाटतं!"

मंजूषानं वाटीवर पुन्हा झाकण ठेवलं. मला बोलता आलं असतं तर ओरडलो असतो की हात चांगला आहे, दूध बघा! पण वाटीतल्या विरजणाचं कोण ऐकतं?

विजय तर आणखी पुढचा. "दह्यासाठी एवढं रामायण कशाला? बाजारातून आण. आणि हे दूध वाया नको घालवू, गरम करून अद्वैतला दे."

अद्वैत त्यांचा सहा वर्षांचा मुलगा. ज्या दुधात माझा जीव गेला, ते दूध रोज पेला भरून त्याच्या पोटात जात होतं. मित्रांनो, माझा राग तिथून सुरू होतो.

शेवटी फ्रीजमध्ये जुन्या दह्यातला माझा एकच चमचा उरला. मंजूषानं तो काढला आणि दोन वाट्या मांडल्या. एकीत नारायणचं दूध, दुसरीत दुकानातलं पिशवीचं.

"अगं, शेवटचं आहे ते! नागपूरचं विरजण आहे, खेळणं नाही," रत्नप्रभाबाई कळवळल्या.

"आई, हात माझाच, थंडी तीच. आता बघूच."

माझे दोन भाग झाले. सकाळी पिशवीच्या दुधात मी घट्ट लागलो होतो. नारायणच्या दुधात मी नव्हतोच. मंजूषानं दोन्ही वाट्या पाहिल्या, मागे वळली आणि अद्वैतच्या तोंडाजवळचा पेला काढून घेतला.

दूध प्रयोगशाळेत गेलं. तिथे नळीत जेलीसारख्या जांभळ्या थरात जंतू ठेवलेले असतात, त्यावर दूध घालतात. दूध स्वच्छ असेल तर ते वाढतात आणि रंग पिवळा होतो. आमची नळी जांभळीच राहिली. दुधात प्रतिजैविक, म्हणजे जंतू मारणारं अँटिबायोटिक औषध होतं. उकळूनही ते सगळं जात नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. थोडं थोडं पोटात जात राहिलं तर रोगाचे जंतू त्याला सरावतात, आणि खऱ्या आजारात तेच औषध हरू शकतं.

मंजूषानं नारायणला दारातच विचारलं.

"भैंस के थन में सूजन थी भाभीजी, सुई लगवाई. पानी तो नहीं मिलाया न?"

"डॉक्टरने बोला नहीं, सुई के बाद कुछ दिन दूध नहीं बेचना?"

"बोला था. तो क्या नाली में बहा दूँ?"

"हाँ, बहा दो!" हे रत्नप्रभाबाई ओरडल्या. मग हळूच सुनेकडे वळल्या. "मंजू, तुझ्या हाताला उगाच बोलले गं."

नारायणनं कॅन उचलला. "ठीक है अम्मा, आप मत लो. चायवाला ले लेगा. उसको कौन सा दही जमाना है."

तो गेला. मी वाटीत जिवंत होतो आणि काही करू शकत नव्हतो.

मित्रांनो, दुधात पाणी आहे का, एवढंच विचारून थांबू नका. जनावराला सुई कधी दिली, तेही विचारा. दही लागलं नाही तर घरातल्या बाईचा हात बघण्याआधी दूध तपासा. मी होतो म्हणून या घराला कळलं. त्या टपरीवर आज सकाळीही चहा उकळतो आहे, आणि चहात विरजण नसतं.