शून्य, एक आणि उणे एक

टीममध्ये तिला सगळे मास्तरीण म्हणत. समोरासमोर कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. जो तो आपापल्या घरी बसून काम करी, आणि कुणाचं वाक्य चुकलं की ही लगेच सुधारून देई, म्हणून ते नाव चिकटलं. माहिती गुप्त ठेवण्यासाठी जगभरचे प्रोग्रामर एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरत. त्या लायब्ररीची माहितीपानं लिहिणं हे मास्तरीणीचं काम. कुठल्या फंक्शनला काय द्यायचं आणि ते काय परत देतं, एवढंच.

एका सकाळी डिजिटल सही तपासणारं फंक्शन तिच्या वाट्याला आलं. जुन्या पानावर होतं : सही खरी असेल तर एक, नाहीतर शून्य. पण स्वतः चालवून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही तिची खोड. तिने मुद्दाम अर्धवट तुटलेली फाईल दिली. उत्तर आलं, उणे एक.

तिने ग्रुपवर विचारलं. दुपारपर्यंत कुणी ब्र काढला नाही. शेवटी तिने टीमप्रमुखालाच फोन लावला.

"ते पहिल्यापासून तसंच आहे, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "तपासणंच जमलं नाही तर उणे एक. सगळ्यांना माहीत आहे."

"पानावर कुठे आहे?"

"पानं वाचतं कोण?"

"लोक 'शून्य नाही ना, मग झालं' एवढंच बघत असतील. उणे एकही शून्य नाही. म्हणजे न तपासलेली सही खरी म्हणून खपली."

"बरं, लिहा मग," तो म्हणाला.

तीन वाक्यं लिहायला संध्याकाळ झाली. एकातून दुसराच अर्थ निघे, दुसरं फार लांबे. मोठ्याने वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं, तेव्हा तिने ती भिंतीलाच वाचून दाखवली.

पुढे काही आठवड्यांनी एका अनोळखी बाईचा संदेश आला. डॉक्टरांच्या सहीची औषधपत्रं तपासणारा प्रोग्राम ती सांभाळत होती. "तुमचं पान वाचलं आणि लगेच आमचा प्रोग्राम तपासला. तो अर्धवट तुटलेली पत्रंही खरी धरत होता. कुणाला इजा व्हायच्या आत सुधारलं. आभार."

मास्तरीण उठून उभीच राहिली. संदेश ग्रुपवर टाकला. कुणीतरी शाबासकीचा एक अंगठा पाठवला. मग तिने ताईला फोन केला.

"म्हणजे तुला बढती मिळणार?" ताईने विचारलं.

"नाही गं. माझ्या तीन वाक्यांमुळे…"

"थांब हं, तुझे भावोजी काहीतरी शोधतायत. अहो, वरच्या कप्प्यात बघा! हं, बोल."

"काही नाही. सहज केला होता."

फोन ठेवून तिने त्या बाईला उत्तर लिहायला घेतलं. बरंच लिहिलं, बरंच खोडलं. उरलं ते इतकंच : "वाचून फार बरं वाटलं. आणखी काही अडलं तर कळवा. तुम्ही राहता कुठे?" शेवटच्या प्रश्नावर तिचं बोट घुटमळलं, पण तो तिने राहू दिला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "आता सगळं नीट चालतंय. पुन्हा एकदा आभार."

तिने ते दोनदा वाचलं, खिडकी उघडली आणि पुढचं फंक्शन काढलं.