अर्जंटचा तांबडा बिल्ला

मी एक जुना तांबडा बिल्ला आहे. गंज चढलाय, रंगाचे पोपडे निघालेत. पण मित्रांनो, माझी कीव करायला कुणी येऊ नका. माझ्यावर लिहिलेला शब्द मी आजही ताठ मानेनं मिरवतो. अर्जंट!

कान्हे गावात कैलासभाऊंचं वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या जळालेल्या मोटारींत ते नवी तार भरून देतात. तेलाच्या डब्याचं झाकण कापून त्यांनी मला घडवलं आणि महिपती पेंटरनं माझ्यावर पांढरी अक्षरं काढली. माझी तार ज्या मोटारीला अडकेल, ती आधी उघडायची, हा दुकानाचा रिवाज. तेव्हा मी क्वचितच खिळ्यावरून उतरायचो. गावच्या नळाची मोटार जळाली की उतरायचो. लोक म्हणायचे, "बिल्ला लागला, आता काळजी न्हाई."

मग आसपास बंगले झाले, रिसॉर्ट झाले. ज्याला त्याला मीच हवा! कुणाचं कारंजं अर्जंट, कुणाची हिरवळ अर्जंट. भाऊंना कुणाला नाही म्हणवेना. त्यांनी प्लॅस्टिकचे तांबडे बिल्ले आणले आणि सगळ्याच मोटारींना लावून टाकले. मला भयंकर संताप आला. सगळेच पुढं, तर मागं कोण? जो जास्त ओरडेल त्याचं काम आधी होऊ लागलं.

गेल्या उन्हाळ्यात मी कुसगावच्या एका रिसॉर्टच्या मोटारीवर लटकत होतो. मॅनेजर शार्दूल समोरच खुर्ची टाकून बसला होता. तेवढ्यात शेजारच्या गावच्या सरुबाई टेम्पोतून मोटार घेऊन आल्या. घामानं भिजलेल्या, रडकुंडीला आलेल्या.

"भाऊ, माजी मोटार आदी खोला. कालपास्नं गाई पान्यावाचून उब्या हायेत. शेजारच्या हिरीबी आटल्यात."

"मावशी, समद्याच अर्जंट हायेत. बिल्लं बघा की."

सरुबाईंनी सगळ्या बिल्ल्यांवरून नजर फिरवली. "मंग इचारा समद्यास्नी, उद्या केलं तर काय बिघडंल?"

भाऊंनी शार्दूलकडं पाहिलं. "सांगा साहेब."

"आमचा धबधबा बंद राहील ना! संध्याकाळी पार्टी आहे, लोक फोटो कुठं काढणार?"

भाऊ उठले आणि त्यांनी मला त्या मोटारीवरून ओढून काढलं. माझी गंजकी तार त्यांच्या बोटाला चांगलीच लागली. लागू दे! इतकी वर्षं माझा अपमान केला होता त्यांनी.

"अहो, मी सकाळीच अर्जंट म्हणून सांगितलं होतं!" शार्दूल ओरडला.

"तुमी म्हनला व्हता," भाऊ म्हणाले, "पर ते न्हवतं." आणि त्यांनी मला सरुबाईंच्या मोटारीला अडकवलं.

संध्याकाळी ती मोटार गेली. थोड्या वेळानं सरुबाईंचा फोन आला. बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, मागं गाई हंबरत होत्या. "पित्यात, भाऊ! सोडंनात हौद!"

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचे बिल्ले भंगारात गेले. आता कुणी मला मागितलं की भाऊ सरुबाईंचाच प्रश्न विचारतात. बहुतेक लोक डोकं खाजवून म्हणतात, "उद्या चालंल." ज्यांना खरोखर थांबता येत नाही, त्यांच्यासाठी मी लगेच उतरतो.

मित्रांनो, मला खुशाल हाक मारा. पण आधी बघा, तुमच्यामागं हौदाशी कुणी तहानलेलं उभं आहे का. असेल तर बाजूला व्हा. मी तिकडंच जाणार आहे.